सत्ताविसाव्या पाठाचा शेरा

शेरे लिहावेत तर बाईंनीच, असं त्या शाळेच्या शिक्षकखोलीत सगळेच म्हणायचे. बाईंनाही ते ऐकायला आवडायचं. कौतुक कोणाला कडू लागतं?

शाळा साधी नव्हती, सराव शाळा होती. प्राथमिक शिक्षक तयार करायचा म्हणजे सरकारने एक रीत घालून दिलेली होती. दोन वर्षं अध्यापक विद्यालयात पुस्तकं पाठ करायची आणि मग खऱ्या शाळेत, खऱ्या मुलांसमोर चाळीस पाठ घ्यायचे. प्रत्येक पाठाला त्या वर्गाच्या शिक्षिकेने मागच्या बाकावर बसायचं, पाठ नीट बघायचा, उमेदवाराच्या वहीत शेरा लिहायचा आणि खाली सही करायची. चाळीस शेरे आणि चाळीस सह्या झाल्या की वही विद्यालयात, विद्यालयातून सरकारी कार्यालयात, आणि तिथून प्रमाणपत्र हातात. नियम फार चांगला होता. कागदावर असतात तोवर बहुतेक नियम चांगलेच असतात.

प्रत्यक्षात काय व्हायचं? शिकाऊ मुलगी पुढच्या दाराने वर्गात शिरली की वर्गशिक्षिका मागच्या दाराने बाहेर. रोज साठ मुलांशी घसा खरवडणाऱ्या माणसाला आयता अर्धा तास मिळाला तर तो कोण सोडेल? कोणी पेपर तपासायचं, कोणी टेबलावर डोकं टेकून डुलकी काढायचं, बाई वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवायच्या. शनिवारी वह्यांचा गठ्ठा टेबलावर यायचा आणि आठवडाभराचे शेरे एका बैठकीत लिहून व्हायचे. उंटावरून शेळ्या हाकायच्या म्हणतात तो हा प्रकार. पण त्यातही बाईंचा हात धरणारं कोणी नव्हतं. पंचवीसेक शेरे त्यांच्या डोक्यात तयारच असायचे. ‘फलकलेखन सुबक.’ ‘प्रस्तावना रंजक, उदाहरणं वाढवावीत.’ नुसतं गोड लिहिलं तर संशय येतो, म्हणून मधूनच चिमूटभर तिखट. इतर शिक्षिका आपल्या वह्या घेऊन यायच्या, “बाई, दोन ओळी सुचवा ना.” बाई सुचवायच्या. एवढी वर्षं हे चाललं, कोणाची तक्रार नाही, कोणाचं नुकसान नाही, असं सगळ्यांना वाटत होतं. बाईंनाही.

निवृत्त होऊन तीन वर्षं झाल्यावर एका दुपारी बाईंच्या दाराची घंटा वाजली. दारात तिशीची एक बाई उभी होती. खांद्याला पिशवी आणि छातीशी एक वही.

“बाई, ओळखलंत?”

बाईंनी मुळीच ओळखलं नव्हतं. पण जुन्या शिक्षिकेने ‘नाही’ म्हणायचं नसतं. “अगं, न ओळखायला काय झालं? ये, आत ये.”

ती आत येऊन खुर्चीच्या कडेवर बसली आणि तिने वही मांडीवर ठेवली, तेव्हा मात्र बाईंना खरंच आठवलं. मुलगी नाही, वही आठवली. तपकिरी कागदाचं कव्हर, कोपरे कात्रीने कापून आत दुमडलेले, नावाच्या चिठ्ठीला दुहेरी रेघांची चौकट. आठ वर्षांपूर्वीच्या तुकडीत ही एक होती. शिक्षकखोलीत तिचं नाव कोणाच्या लक्षात राहायचं नाही, सगळे तिला ‘कव्हरवाली’ म्हणायचे.

“कुठे आहेस आता?”

“शाळेतच. तिसरीचा वर्ग.” ताकाला जाऊन भांडं लपवायचा तिचा स्वभाव नव्हता. “बाई, तीन आठवड्यांनी माझा पाठ आहे. सरकारचा. नवा नियम निघालाय ना, दहा वर्षांच्या आतल्या सगळ्यांचं प्रमाणपत्र पुन्हा तपासणार. दोन तपासनीस येऊन वर्गात बसणार. नापास झाले तर वर्ग काढून घेतील, वर्षभर परत विद्यालयात बसवतील. पुढे पुन्हा घेतील की नाही, त्याची खात्री नाही.”

“अगं, मग घाबरतेस काय? आठ वर्षं शिकवते आहेस.”

“मला शिकवता येत नाही, बाई.”

ताप आलाय असं सांगावं, इतक्या सरळपणे तिने सांगितलं. मुलं ऐकत नाहीत. ती घसा फोडते आणि मुलं आपापसात गप्पा मारतात. दरवर्षी दोन-चार पालक वर्ग बदलून मागतात. मुख्याध्यापिका भल्या आहेत म्हणून आजवर निभावलं.

“पण एके काळी येत होतं,” ती म्हणाली आणि तिने वही उघडली. शोधावं लागलं नाही, वही त्या पानावर आपोआप उघडली. “तुम्हीच लिहिलंय.”

पाठ सत्ताविसावा. खाली बाईंच्या वळणदार अक्षरात: ‘आज मुलं आणि शिक्षिका यांच्यात भिंत उरली नव्हती. ही मुलगी शिकवण्यासाठीच जन्मली आहे.’ त्याखाली बाईंची सही.

“या दिवशी मी काय केलं होतं, बाई? मी किती आठवून बघितलं. टाचण आहे, तक्ता आहे, सगळं जपून ठेवलंय. पण नेमकं काय केलं ते सापडत नाही. तुम्ही पाहिलं होतंत. ते पुन्हा करता आलं तर मी तरून जाईन.”

तेवढ्यात नवरा चहाचा ट्रे घेऊन बाहेर आला. पोस्टातून निवृत्त झालेला माणूस, त्याला बोलायला कोणी मिळालं की झालं. “विचार, विचार,” तो म्हणाला, “आमच्या बाईंची स्मरणशक्ती फार दांडगी. गेल्या जन्मीचंसुद्धा सांगतील.”

बाईंना आठवत होतं, तीच तर पंचाईत होती. त्या शनिवारी शब्दकोडं पहिल्यांदाच पूर्ण सुटलं होतं. मन प्रसन्न होतं. गठ्ठ्यात सगळ्यात वर ही वही होती, आणि असं देखणं कव्हर बघून त्यांना वाटलं, या पोरीला काहीतरी चांगलं लिहावं. लिहिलं. वाक्य जमलं म्हणून स्वतःशीच दोनदा वाचलं. पाठ त्यांनी पाहिलाच नव्हता.

“असं नुसतं सांगून कळायचं नाही,” बाई म्हणाल्या. “आधी मला तुझा वर्ग बघू दे. मग सांगते.”

ही निम्मी पळवाट होती. पण कव्हरवालीचा चेहरा असा उजळला की बाईंना तिच्याकडे बघवेना. “तुम्ही याल, बाई? खरंच याल?”

दुसऱ्या दिवशी बाई गेल्या. दुसऱ्या मजल्यावरचा वर्ग, बेचाळीस मुलं, भिंतीवर कव्हरवालीच्या हातचे नीटनेटके तक्ते. बाई मागच्या बाकावर बसल्या. गुडघे फळीला टेकत होते. पस्तीस वर्षांच्या नोकरीत आपण या जागेवर किती वेळा बसलो, याचा हिशेब त्यांनी मनात करून पाहिला आणि तो लवकरच सोडून दिला.

विषय भागाकाराचा होता. कव्हरवालीचा आवाज चांगला होता, अक्षर मोत्यासारखं, तयारी जय्यत. “बारा पेन्सिली तीन मुलांत सारख्या वाटल्या,” तिने विचारलं, “तर प्रत्येकाला किती?” आणि विचारता विचारताच ती वळली, फळ्यावर ‘चार’ लिहिलं, आणि पुढे गेली. “आता वीस पेन्सिली पाच मुलांत?” वळली, लिहिलं. पुन्हा प्रश्न, पुन्हा पाठ, पुन्हा उत्तर. बेचाळीस मुलांकडे तिची पाठ होती आणि बेचाळीस मुलं आपापल्या कामात मग्न होती. कोणी खोडरबराचे तुकडे करत होतं, कोणी शेजाऱ्याच्या वहीवर मिशा काढत होतं.

बाईंनी शेजारच्या दोन वेण्यावालीला हळूच विचारलं, “अगं, तुला उत्तर येतं का?”

“येतं की.”

“मग सांगत का नाहीस?”

तिने बाईंकडे असं बघितलं, जणू या म्हातारीला कोणी शाळेत घेतलं कसं. “थांबा ना आजी. बाई लिहितातच आता.”

बाईंना हसू आलं आणि ते अर्ध्यातच विरलं. दहा मिनिटं. घड्याळ लावून दहा मिनिटं झाली होती आणि रोग सापडला होता. मुलं वाईट नव्हती, मठ्ठ तर नव्हतीच. गप्प बसलं की उत्तर आपोआप फळ्यावर येतं, हे ती शिकली होती. आणि जिथे आपली गरजच नाही, तिथे लक्ष तरी कोण देईल? गोंधळ त्यातून होता, आणि गोंधळ झाला की कव्हरवाली आणखी घाईघाईने फळ्याकडे वळत होती. यात न कळण्यासारखं काही नव्हतं. मागच्या बाकावर बसलेल्या कोणालाही हे दिसलं असतं, फक्त तिथे कोणीतरी बसायला हवं होतं. पहिल्याच पाठाला एक ओळ लिहिली असती, ‘प्रश्न विचारून थांब’, तर ही कष्टाळू पोर पाचव्या पाठापर्यंत सुधारली असती. आठ वर्षं गेली. तिचीही गेली आणि त्या प्रत्येक वर्षीच्या वर्गाचीही गेली. बाईंना स्वतःची इतकी लाज वाटली की घंटा झाल्यावरही त्या उठेनात.

शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात त्यांनी तिला समोर उभं केलं. “मला प्रश्न विचार.”

“अठरा वह्या सहा जणांत...”

“वळू नकोस! खडू खाली ठेव. हात मागे बांध. आता थांब.”

कव्हरवाली थांबली. पाचच सेकंदांत तिचा चेहरा पडला. “बाई, भीती वाटते हो. कोणी बोललं नाही की वाटतं, आपण शिकवलेलं काहीच पोचलं नाही. सगळ्यांसमोर आपलं पितळ उघडं पडलं. त्यापेक्षा आपणच लिहून टाकलेलं बरं.”

“पडू दे उघडं. कोणाला येत नाही ते कळल्याशिवाय शिकवशील काय, कपाळ?”

दुसऱ्या दिवशी तिने प्रश्न विचारला, खडू टेबलावर ठेवला आणि ती गप्प उभी राहिली. वर्ग चक्रावला. मुलं फळ्याकडे बघत होती, फळा काही बोलेना. कोणाची तरी कंपासपेटी खाली पडली. शेवटी दोन वेण्यावालीला राहवलं नाही. “अहो, तीन!” ती करवादली. पुढच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं, “तीन कसे? पाच!” आणि बेचाळीस मुलं भांडायला लागली, पण भांडण भागाकारावरून होतं. कव्हरवाली हात मागे बांधून उभी होती आणि तिचे डोळे भरून आले होते.

त्यानंतर बाई रोज जायला लागल्या. सकाळी लवकर आवरून, पदर चापूनचोपून. नवरा म्हणायचा, “लोक निवृत्त झाल्यावर आराम करतात, आमच्या बाई नोकरीला लागल्या.” बाई म्हणायच्या, “वरातीमागून घोडं आहे हो ते,” आणि चपला घालायच्या. खरं सांगायचं तर ते दिवस आनंदाचे होते. सत्ताविसाव्या पाठाचा विषय कव्हरवालीने पुन्हा काढला नव्हता, आणि बाई मनात म्हणत होत्या, आता मुलगी शिकवायला लागली आहे, झाकली मूठ झाकलेलीच राहू दे.

पाठाच्या आदल्या दिवशी दोघी वर्गात तक्ता टांगत होत्या. तपासनीस उद्या दहाला येणार होते. बाईंनीही मागच्या बाकावर बसावं, तेवढाच धीर, असं ठरलं होतं, मुख्याध्यापिकेची परवानगीही घेतली होती. दोरीची गाठ मारता मारता कव्हरवाली म्हणाली, “बाई, एक विचारू? ही खोड मला तेव्हा नव्हती ना?”

“कोणती?”

“वळून लिहायची. तेव्हा असती तर तुम्ही सांगितलंच असतं. म्हणजे नंतर लागली.” ती हसली, पण ते हसणं काही खरं नव्हतं. “मी किती वर्षं विचार करतेय, कुठे बिघडलं. आता कळलं. मला येत होतं, बाई. हातात आलेली गोष्ट मीच घालवली.”

बाईंनी नुसतं ‘असेल’ म्हटलं असतं तरी पुरलं असतं. एका शब्दाचं काम होतं, आणि उद्याचा दिवस नीट पार पडला असता. जिने आयुष्यभर न बघता शेरे लिहिले, तिला एक शब्द जड नव्हता. पण ही पोर बाईंचा दोष स्वतःच्या माथी घेऊन उभी होती, आणि तेवढं मात्र बाईंना सोसेना.

“तू काही घालवलं नाहीस,” त्या म्हणाल्या. “तुझी ही खोड पहिल्यापासून असणार. मला माहीत नाही. मी तुझा पाठ पाहिला नव्हता.”

“सत्ताविसावा?”

“एकही नाही.”

कव्हरवालीच्या हातातली दोरी तशीच राहिली. “पण शेरे...”

“शनिवारी बसून लिहायचो आम्ही. सगळ्यांचे. सगळ्याच लिहायच्या.” हे शेवटचं वाक्य बोलायला नको होतं, हे बाईंना बोलताबोलताच कळलं.

“मग ते वाक्य? शिकवण्यासाठीच जन्मली आहे, ते?”

खरं बोलायचं म्हणजे किती, याला काही धरबंद असतो. पण एकदा सुरुवात झाली की माणसाला थांबता येत नाही. “वहीचं कव्हर छान होतं,” बाई म्हणाल्या.

कव्हरवालीने तक्त्याची गाठ पुरी केली, तो सरळ आहे की नाही ते मागे जाऊन पाहिलं, आणि खुर्चीवर बसली. रागावली असती, ओरडली असती, तर बाईंना बरं वाटलं असतं.

“पहिल्याच वर्षी सोडणार होते मी,” ती म्हणाली. “आई सांगत होती, दुकानात हिशेबाचं काम मिळतंय, ते घे, हे तुला झेपत नाही. राजीनामा लिहून तयार होता. तेव्हा ती वही काढली. म्हटलं, आईला काय कळतं? बाईंनी बघितलंय, बाईंनी लिहिलंय. फाडून टाकला तो कागद.” तिने बाकांकडे पाहिलं. “त्यानंतर जेव्हा जेव्हा रडू आलं, तेव्हा तेच पान. आणि इकडे मुलं बसली माझ्या पाठीकडे बघत. आठ वर्षं, बाई.”

“मी चुकले गं.”

“हो,” कव्हरवाली म्हणाली. बाईंनी समजूत काढून घ्यायची तयारी केली होती, पण ती खुर्चीवरून उठली. पिशवी उचलली, दिवा बंद केला आणि दारात उभं राहून म्हणाली, “उद्या तुम्ही येऊ नका.”

दुसऱ्या दिवशी बाई सवयीने लवकर उठल्या, आवरून बसल्या. दहा वाजले, साडेदहा वाजले. नवऱ्याने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा चपलांकडे पाहिलं, आणि थट्टा करायचं टाळलं. तेवढी समज त्याला होती. पाठाचं काय झालं, हे विचारायला फोन करण्याचा हक्क आपल्याला उरलेला नाही, हे बाईंना कळत होतं. तरी त्या दिवसभर फोनच्या जवळपास घोटाळत राहिल्या.

महिन्याभराने भाजी घेऊन परतताना त्या कागदाच्या दुकानासमोर आल्या आणि कव्हरवाली समोरून येताना दिसली. बाईंना वाटलं, ही आता मान फिरवून जाईल. पण ती थांबली, पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि हसलीसुद्धा.

“पास झाले मी.”

“झालीस! अगं, मला खात्रीच होती.” आणि मग बाईंच्या तोंडून निघून गेलंच, “बसले होते का ते? शेवटपर्यंत?”

“हो. पूर्ण वेळ. नंतर अर्धा तास बोललेही माझ्याशी. काय चुकलं, काय बरं झालं, सगळं सांगितलं.”

“आणि मुलं?”

“बोलतात आता. इतकी बोलतात की पाठ वेळेत संपत नाही.” मुलांचं नाव निघताच तिचा चेहरा मोकळा झाला. तो आनंद तिचा आणि मुलांचा होता, बाईंचा त्यात वाटा नव्हता. तिने घड्याळ बघितलं. तक्त्यांचे कागद घ्यायचे होते, दुकान बंद व्हायच्या आत.

“येते हं, काकू,” ती म्हणाली, आणि दुकानाची पायरी चढली.

बाई पिशवी धरून तिथेच उभ्या राहिल्या. पस्तीस वर्षांत आणि त्यानंतरही त्यांना सगळे बाईच म्हणत आले होते. भाजीवाला म्हणायचा, शेजारपाजार म्हणायचा, घरात नवरासुद्धा थट्टेने तेच म्हणायचा. काकू म्हणण्यात वाईट काहीच नव्हतं, रस्त्यात भेटलेल्या कोणत्याही वयस्कर बाईला माणूस काकूच म्हणतो. टोमणा मारायचा असता तर तिने थांबून बाईंचा चेहरा पाहिला असता. तिने मागे वळूनही पाहिलं नाही. तिच्या तोंडून ते सहज आलं होतं.